पुराव्याचा रकाना

९ फेब्रुवारी

मुली,

आशीर्वाद शेवटी देईन, राग उतरला तर.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझ्या ऑफिसचा गोल शिक्का, तिकीटही ऑफिसचंच. पत्ता मात्र तुझ्या हातचा. तीन वर्षांत तुझं अक्षर पाहिलं नव्हतं, म्हणून पाकीट न फाडता कात्रीनं कडेनं कापून उघडलं. सात पानं, पाठपोट. मला वाटलं, पोरीला एकदाची आई आठवली. आठवली खरी, पण कशी!

शेवटच्या पानाच्या तळाशी तू लिहिलंयस, 'हे पत्र आईला पाठवायचं नाही. गुरुवारी बाईंसमोर फाडायचं.' म्हणजे तुझ्या त्या समुपदेशक बाईंनी सांगितलं असणार, आईला जे जे म्हणायचंय ते लिहून काढा, पाकिटात घाला, वर पत्तासुद्धा घाला म्हणजे खरं वाटेल, आणि मग फाडा. तू ते टेबलावर ठेवलंस आणि टपाल नेणाऱ्या शिपायानं बाकीच्या पाकिटांबरोबर तेही उचललं. तो बिचारा आपलं काम करत होता. या सबंध प्रकरणात काम नीट केलेला तो एकटाच.

तर ज्या पत्राला उत्तर नको होतं, त्याला आता उत्तर येतंय. फोनच केला असता, पण तू माझा फोन उचलत नाहीस. माझाच काय, कुणाचाच उचलत नाहीस म्हणे. स्वतःला काम असलं की बरोबर लावतेस, वाजलेला मात्र वाजू देतेस. मोठ्या हुद्द्यावरची माणसं असंच करतात असं लोक मला सांगतात. मी म्हणते, करत असतील बाई.

आता एकेक घेते. 'बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी आईनं मला शाळेत पाठवलं.' पाठवलं. घरात बसून काय करणार होतीस, दाराकडे बघत? 'बाबांची हत्यारांची पेटी तिनं आठवड्याच्या आत देऊन टाकली.' दिली, त्यांच्या जोडीच्या लिफ्ट-मेकॅनिकला. त्यातला एकेक पाना त्यांच्या हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला. ती पेटी पलंगाखाली ठेवून वर झोपायची ताकद माझ्यात नव्हती. 'त्यानंतर घरात बाबांचा विषय कुणी काढला नाही.' खरं. 'मी तिला रडताना पाहिलं नाही.' तू पाहिलं नाहीस, एवढंच त्यातलं खरं. ग्रंथालयाच्या तळघरात, माझ्या बांधणीच्या खोलीत, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र आहे. त्याचं चाक फिरवायला जोर लागतो. जोर लावताना बाईच्या तोंडातून आवाज निघाला तर कुणी विचारायला येत नाही.

आणि मग सहावं पान. ते जसंच्या तसं उतरवते, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय त्यात घोळ नको. तू लिहितेस, 'रविवार होता. बाबांची सुट्टी. फोन वाजला, मी उचलला. एका इमारतीचा रखवालदार बोलत होता. लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे, बाबांना पाठव. मी बाबांना सांगितलं. ते गेले. आतला माणूस सुटला. बाबा लिफ्टच्या टपावर असतानाच कुणीतरी खालून वीज सुरू केली. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना आई माझ्याकडे बघून म्हणाली, तू फोन उचललासच कशाला? मी अकरा वर्षांची होते.'

यावर मी एवढंच म्हणेन की त्या संध्याकाळी घरात पंधरा माणसं होती, सगळी एकदम बोलत होती, आणि लहान मुलांच्या कानावर काय काय पडतं.

तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत तुला हे मला विचारता आलं नाही. परक्या बाईला बरं सांगता आलं. आणि तिनं उपाय काय सांगावा, तर फाडा! फाटलेली पुस्तकं शिवून जिनं घर चालवलं, तिच्या मुलीला!

कुठल्या पंथाची आहे ही तुझी बाई? त्यांच्यात पंथ असतात, हे मला ठाऊक आहे. त्या विषयाचं एक अख्खं कपाट वरच्या मजल्यावर आहे आणि त्यातली निम्मी पुस्तकं फाटून माझ्याकडे येतात. आजवर नुसती बांधली. आता वाचणार आहे. माझ्याविषयी जे बोललं जातं ते कुठल्या पोथीतून, हे मला कळलं पाहिजे.

राग उतरलेला नाही.

आई


२६ फेब्रुवारी

मुली,

तुझं उत्तर नाही. मी थांबत नाही.

सातवी शिकलेली बाई असली पुस्तकं कशी वाचणार, असं म्हणशील. कशी म्हणजे, शब्द अडला की कोश काढायचा आणि वाक्य अडलं की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय माझ्याकडे एक सोय आहे जी शिकलेल्यांकडे नसते. पुस्तक कुठल्या पानावर उसवलंय ते मला दिसतं. माणसं जिथं परत परत उघडतात, तिथंच कणा मोडतो.

पहिले कोचावाले. मनोविश्लेषण. माणसाला कोचावर आडवं करायचं, आपण त्याच्या मागे बसायचं आणि लहानपणापासून बोलायला लावायचं. आमच्याकडची त्यांची चारही पुस्तकं एकाच जागी मोडलीत: आईच्या प्रकरणात. आई फार जवळ राहिली तर बिघाड, लांब राहिली तर बिघाड, मधेच कधी जवळ कधी लांब झाली तर मोठाच बिघाड. बापाच्या प्रकरणाची पानं कोरी करकरीत. मला इतका संताप आला की खळीची वाटी हातून कलंडली. बरं, यांच्याशी भांडायचीही सोय नाही. मी म्हटलं, 'हो, चुकलं,' तर यांचं खरं. मी म्हटलं, 'नाही,' तर म्हणणार, बघा, बाई विरोध करतायत, आत नक्की काहीतरी आहे. चित त्यांची, पटही त्यांचीच. जो कधीच चुकत नाही त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पण मी अप्रामाणिक बाई नाही. त्यांचं एक म्हणणं मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायचं टाळलं. ते म्हणतात, दाबलेलं मरत नाही, वेश बदलून दुसऱ्या दारानं घरात येतं. ओलं पुस्तक दाबात ठेवलं तर वरून सपाट दिसतं आणि आत बुरशी धरते. हे मला त्यांच्याआधी माहीत असायला हवं होतं.

दुसरे पायरीवाले. वर्तनोपचार. हे कशामुळे, कधीपासून, काही विचारत नाहीत. भीती वाटते ना? मग तिच्याकडे एकेक पायरी चढा. ही माणसं मला आवडली. तुझे बाबाही तसेच. नव्या मेकॅनिकला उंचीची भीती वाटली, तर पहिल्या दिवशी नुसता शिडीला हात लाव म्हणायचे. दुसऱ्या दिवशी एक पायरी. पंधरवड्यात तो माणूस लिफ्टच्या टपावर बसून डबा खायचा. कारणं खोदत बसले असते तर तो अजून जमिनीवरच असता.

पण भीती खरी असली तर? हे त्यांच्या पुस्तकात मी शोधलं, मला सापडलं नाही. भीती घालवणं म्हणजे नेहमीच उपकार नव्हेत. तुझ्या बाबांची सगळी गेली होती. थोडी उरली असती तर त्या रविवारी, जोडीला कुणी नसताना, खाली स्विचपाशी आपलं माणूस नसताना, ते टपावर चढले नसते. बघ, मी त्यांचा विषय काढला. तू म्हणतेस ना, काढत नाही म्हणून.

तिसरे ऐकणारे. हे सल्ला देत नाहीत, दोष देत नाहीत, कारण शोधत नाहीत. तुमचंच म्हणणं तुम्हाला परत सांगतात, जरा मऊ करून. मला वाटलं, यात कसलं आलंय शास्त्र? म्हणून ग्रंथपालांवर करून पाहिलं. तू त्यांना ओळखत नाहीस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कायम वैतागलेला गृहस्थ.

ते जिना उतरून आले आणि म्हणाले, "मावशी, या आठवड्यात सहाच पुस्तकं वर आली. तुम्ही बांधता की वाचता?"

मी म्हटलं, "सहाच आली, याचा तुम्हाला त्रास होतोय."

"होतोयच!"

"फार त्रास होतोय."

"मावशी, बरं आहे ना तुम्हाला?"

"तुम्हाला माझी काळजी वाटतेय."

ते स्टूल ओढून बसले, आणि मुली, पाऊण तास बोलले. बायकोचं, मुलाचं, पाठीच्या मणक्याचं. जाताना म्हणाले, "आज बरं वाटलं बुवा." सहा पुस्तकांचं विसरूनच गेले.

म्हणजे चालतं. आणि खरं सांगू, त्या पाऊण तासात मला त्यांचा हेवा वाटला. माझं कुणी असं ऐकलं असतं, त्या साली, तर. जाऊ दे.

पण खोट कुठे आहे तेही दिसलं. बायकोबद्दल ते जे बोलले त्यातलं अर्धं तरी खोटं. मी त्या बाईंना ओळखते. तरी मी मान डोलावली, कारण त्या तिथं नव्हत्या. तुझ्या सात पानांवरही अशीच मान डोलत असेल. मी तिथं नाही.

अर्थवाल्यांचं एकच पुस्तक आहे. दुःखात अर्थ शोधा म्हणतात. ज्याला सापडेल त्याला सापडो. कुणीतरी न बघता खटका वर केला, यात मी अर्थ कसला शोधू? ते पुस्तक मी न बांधता तसंच वर पाठवलं. दोन दिवसांनी वाईट वाटलं म्हणून परत मागवलं आणि बांधलं. एक गोष्ट त्याच्यात चांगली आहे. ते 'विसरा' म्हणत नाही. मला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

उत्तर पाठव. चार ओळींचं पुरे. शिव्या दिल्यास तरी चालेल, फक्त त्या मला द्यायच्या असू देत, परक्या बाईला नव्हे.

आई


१९ मार्च

मुली,

तुझं उत्तर आलं. अकरा ओळी. मला पाठ झाल्यात, तरी इथे लिहिते, कारण मी नीट वाचलंय हे तुला कळावं.

'आई, ते पत्र तुझ्यासाठी नव्हतं. माफ कर. बाईंचा पंथ विचारलास. त्या विचारांचे रकाने लिहायला लावतात. मनात आलेला विचार, तो खरा असल्याचा पुरावा, खोटा असल्याचा पुरावा, आणि शेवटी दुरुस्त केलेला विचार. सहाव्या पानावरच्या वाक्याचं मी तसं केलं. पुरावा हवा म्हणून आत्याला फोन लावला. ती त्या संध्याकाळी तिथंच होती. ती म्हणाली, छे गं, तुझी आई असलं काही बोललीच नाही, तुझ्या मनाचे खेळ. मी ते रकान्यात लिहिलं आणि त्या वाक्यावर काट मारली. गेल्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजला तेव्हा मी उचलला. दोनदा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या वाक्यामुळे मी वाजलेला फोन उचलू शकत नव्हते. हे तुला माहीत नसेल.'

नव्हतं माहीत.

मी तुला शिष्ट समजत होते. शेजारणींजवळ, ग्रंथपालांजवळ, आत्याजवळ मी म्हणत आले, पोरीला आता आईचा फोन जड होतो. मी फोन लावायचा, कट होईपर्यंत कानाशी धरायचा आणि आदळायचा. मला काय ठाऊक, पलीकडे तू समोर बसून तो वाजताना बघतेयस.

रकानेवाल्यांचं पुस्तक माझ्या टेबलावरच आहे. त्याच्यात रिकामे तक्ते छापलेत. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का, 'पुस्तकात लिहू नये', आणि तरी लोक पेन्सिलीनं भरतात. ते रबरानं खोडायचं काम माझं. खोडण्याआधी मी वाचते. चोरूनच म्हण. एकानं लिहिलंय, 'मी कुणालाच नको आहे.' बाजूचा पुरावा: 'वाढदिवसाला कुणी आलं नाही.' विरुद्ध पुरावा: 'बहीण आली होती. उशिरा.' दुरुस्त विचार: 'मी एका माणसाला उशिरा का होईना हवा आहे.' मला हसू आलं आणि मग ते खोडवेना. चांगली आहेत ही माणसं. बुडत्याला आधी दोरी टाकतात, नदी कुठून आली ते मागाहून बघू म्हणतात. कोचावर दहा वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या एकीनं लिहिलंय, 'नवरा मला सोडून जाणार.' विरुद्ध पुरावा: 'तो म्हणतो, नाही जाणार.' अगं बाई, म्हणतो कोण? तोच ना? पण पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की पुरावा देणाऱ्याचं तोंड आधी बघून घ्या. दुखरा विचार म्हणजे बहुतेक चुकीचा विचार, असं धरूनच ही मंडळी निघतात.

असो. ते दुसऱ्याचं झालं. तू दोनदा फोन उचललास, हे मोठं काम झालं. तुझ्या बाई हुशार आहेत. मी त्यांना बरंच बोलले, ते परत घेते. त्या वाक्याचं तुमचं जे ठरलंय ते ठीकच आहे.

मागच्या दोन पत्रांचे आशीर्वाद राहिले होते. तेही यातच घे.

आई


२ एप्रिल

मुली,

या पाकिटावर मी बाहेरूनच लिहिलंय, 'गुरुवारी बाईंसमोर उघडणे.' तसं केलं असशील अशी आशा आहे. केलं नसशील तर इथंच थांब, घडी घाल आणि गुरुवारपर्यंत ठेव. हे एकटीनं वाचायचं नाही. तुझ्या बाईंवर माझा राग होता, पण आज तुझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं असावं असं मला वाटतं, आणि मी तिथं नाही.

मागच्या आठवड्यात एक पुस्तक परत आलं. महिन्यापूर्वी मीच बांधलेलं. ग्रंथपाल सहा पुस्तकांवरून बोलले होते, म्हणून मी घाई केली. शिवलं नाही, नुसती खळ भरून कणा चिकटवला. दिसायला नव्यासारखं. वाचकानं मधोमध उघडलं आणि दोन तुकडे झाले. ग्रंथपाल ते घेऊन खाली आले. टेबलावर ठेवून गेले. तेवीस वर्षांत माझं एकही पुस्तक असं परत आलं नव्हतं. मला माझाच एवढा राग आला की मी टोचा घेतला आणि ते सबंध उसवून पहिल्या पानापासून शिवायला बसले. शिवताशिवता कळलं की राग पुस्तकाचा नाही.

रविवारी आत्याकडे गेले.

"वन्सं, पोरीचा फोन आला होता?"

"आला होता की. किती गोड बोलली!"

"काय विचारलं?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. "तुला ठाऊक आहे काय विचारलं ते."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"जे सांगायला हवं ते. एका शब्दानं पोर सुखी होत असेल तर आपल्या जिभेचं काय जातं? तेव्हाही मीच तुला म्हटलं होतं, विषय काढू नकोस, लहान आहे, विसरेल."

"विसरली का?"

"आता विसरेल. तू फक्त तोंड मिटून बस. तेवीस वर्षं बसलीसच की."

त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचाही तो भाऊ होता. पण त्यांच्यासमोर बसल्याबसल्या मला घरवाल्यांचं पुस्तक आठवलं. तो आणखी एक पंथ आहे. ते म्हणतात, एकट्याला तपासू नका, सगळ्या घराला बसवा, कारण दुखणं एकाचं दिसतं आणि असतं घराचं. तुझे बाबा लिफ्टबद्दल हेच सांगायचे, आवाज वर येतोय म्हणून वर चढू नका, बिघाड बहुधा खाली असतो. आवाज तुझ्यातून येत होता. त्या पंथाची एकच गोष्ट मला पटत नाही. सगळ्या घराचा दोष म्हटलं की कुणाच्याच वाट्याला पुरा येत नाही. हा दोष घराचा नाही. माझा आहे.

मी म्हटलं होतं.

तुझी एकाच गोष्टीत चूक आहे. दारात मी होते. तू ओट्यापाशी उभी होतीस, हातात पाण्याचा पेला. बाकी शब्द न् शब्द बरोबर. मी म्हटलं, 'तू फोन उचललासच कशाला?' आणि तू पेला खाली ठेवलास, आवाज न करता. तो आवाज न करणं मी पाहिलं. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी वळले आणि बाहेरच्या माणसांत जाऊन बसले.

आता जे तुला माहीत नाही ते. त्या दिवशी फोन तीनदा वाजला. पहिल्या दोन वेळा मी शेजारीच होते, कपड्यांच्या घड्या घालत. तुझे बाबा अंघोळीला गेले होते, तू खाली खेळत होतीस. रविवारी वाजणारा फोन कसला असतो, ते मला ठाऊक होतं. सुट्टी मोडायला आलेला. मी दोन्ही वेळा वाजू दिला. याआधीही मी असं केलं होतं, आणि कधी उचललाच तर 'घरी नाहीत' म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तू धावत वर आलीस आणि उचललास. म्हणजे तो माणूस लिफ्टमध्ये आधीपासून अडकलेला होता आणि मी घड्या घालत होते. मी पहिल्याच वेळी उचलून नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं. मी पहिल्याच वेळी उचलून हो म्हटलं असतं तर तुझे बाबा आधी पोहोचले असते, वेगळ्या क्षणी टपावर असते. हे मी तेवीस वर्षं उलटंसुलटं करून पाहतेय.

तो प्रश्न माझा मला होता, तू का नाही उचललास? माझ्या तोंडून निघाला तो तुझ्याकडे गेला, कारण तू अकरा वर्षांची होतीस आणि उलट उत्तर देणार नव्हतीस. आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर घालण्याला कोचावाल्यांनी एक लांबलचक नाव दिलंय. मी त्याला दुष्टपणा म्हणते. नंतर मी गप्प राहिले, ते वाक्य तुझ्या डोक्यातून विरावं म्हणून. तुझ्यासाठी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटं. मी माझ्यासाठी गप्प राहिले.

हे लिहून मी तुझं बरं होणं मोडत असेन. कदाचित गुरुवारनंतर तू पुन्हा फोन उचलणार नाहीस. वन्संचं ऐकलं असतं तर तुझं सुरळीत चाललं असतं, निदान काही दिवस. पण खळीवर चिकटवलेला कणा मी आत्ताच हातात धरून बघितलाय. आणि दुसरंही एक. तू अकरा वर्षांची असताना जे कानांनी ऐकलंस, ते खोटं, तुझ्या मनाचे खेळ, असं तुला सांगितलं गेलं. आपल्या कानांवर विश्वास नसलेली बाई मला माझ्या हातानं घडवायची नाही. तुझे कान चांगले आहेत. माझी जीभ वाईट होती.

आणि त्या सात पानांत एक गोष्ट नाही. तुला आठवत नसावी. मी त्या दिवसाचं सगळंच बंद केलं, त्यात ती गेली. तू निरोप सांगितलास आणि तुझे बाबा दाराशी बसून बूट घालू लागले. त्यांनी विचारलं, 'कुठली इमारत? कितव्या मजल्यावर?' तुला दोन्ही सांगता आलं. तू रखवालदाराला नीट विचारून घेतलं होतंस. ते म्हणाले, 'शाबास, पकड. आत अडकलेल्याला मिनिट म्हणजे तास असतो.' आणि गेले.

पकड. बाळ असताना त्यांचं बोट धरलंस की सोडायची नाहीस, म्हणून ते नाव. त्यांच्यानंतर या घरात ते कुणी उच्चारलं नाही. मीच बंद केलं. मी आत्ता ते तेवीस वर्षांनी लिहिलं.

तेव्हा रकाने पुन्हा भर. वाक्यावरची काट काढ. 'आई असं म्हणाली.' पुरावा: आईचं पत्र, तारीख दोन एप्रिल, खाली सही. त्याच्यापुढे दुसरं वाक्य लिही, 'मी फोन उचलला म्हणून बाबा गेले.' त्याच्या विरुद्धचा पुरावा: फोन आधी दोनदा वाजला होता, वीज दुसऱ्या कुणीतरी सुरू केली, आणि बाबा शाबास म्हणाले. दुरुस्त विचार काय लिहायचा ते तू आणि तुझ्या बाई ठरवा. त्यांच्याकडे जाणं सोडू नकोस. एवढी सगळी पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात एकच राहिलं, प्रत्येक पंथाला घराची एकेक खोली दिसते. तुझ्या बाईंना जी दिसत नव्हती तिचं दार माझ्या बाजूनं बंद होतं.

माझ्यावर राग ठेव. हवा तेवढा, हवे तितके दिवस. फक्त फाडू नकोस, पाठव. मी वाचेन.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी फोन करणार आहे. उचलायलाच हवा असं नाही. वाजू दिलास तरी मला कळेल की तू तिथं बसलीयस, आणि मी आदळणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दहाला करीन. उचललास, तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय. ऐनवेळी तोंडातून भलतंच काही निघू नये म्हणून इथे लिहून ठेवते:

बरं झालं, उचललास.

तुझी
आई